कोपरापर्यंत राख्या

आमच्या गावात राखीपौर्णिमेला एका माणसाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भरून जायचा. स्पंजाच्या फुलांच्या राख्या, कलाबतूच्या राख्या, नुसत्या रंगीत दोऱ्याच्या राख्या. संध्याकाळी तो हात किंचित पुढे धरून ते गावातून चक्कर मारायचे आणि दारादारांतल्या बाया म्हणायच्या, "भाऊ असावा तं असा!" मला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून की काय, त्या हातावर माझीही एक राखी आहे याचा मला केवढा तोरा होता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून मीही तसंच लिहिते. लिहिताना घासात खडा आल्यासारखं होतं, पण दुसरा शब्द वापरला तर पुढचं काही कळणारच नाही. ही गोष्ट घडली तेव्हा ते पन्नाशीला आलेले होते. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव चिखली तालुक्यातलं, उंद्रीच्या बाजाराला चालत जाणारं. गावातला पहिला रेडिओ भाऊंचा, पेरूचा मळा भाऊंचा. कुणाची लेक सासरी जायची असली की तिला पोचवणारी दमणी, म्हणजे वर छत असलेली हलकी बैलगाडी, तीही भाऊंचीच. शेताच्या एका जुन्या वादाच्या तारखा पडायच्या म्हणून बुलढाण्याला कोर्टाजवळ त्यांनी एक खोली कायमची धरून ठेवली होती, आणि ज्याचं बुलढाण्याला बिऱ्हाड तो माणूस आमच्या लेखी अर्धा कलेक्टर होता.

मी पहिल्यांदा त्यांना राखी बांधली ती नऊ वर्षांची असताना. त्याच्या आठ-दहा दिवस आधी भाऊंनी मला मळ्याच्या बांधावर हाक मारून पेरू दिला होता. आतून गुलाबी. असा पेरू मी आयुष्यात पाहिला नव्हता. अर्धा वाटेत खाल्ला आणि अर्धा मायला दाखवायला पळत घरी आणला. त्याच पुनवेला मायनं मला न्हाऊमाखू घातलं, नवा परकर नेसवला आणि ओवाळणीचं ताट हातात दिलं. मला वाटलं, मी मोठी झाले. माय स्वतःही भाऊंना राखी बांधायची. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, वरच्या आळीतली पोर खालच्या आळीत दिलेली, त्यामुळे तिची राखी कधी चुकली नव्हती. मायचाही भाऊ आणि माझाही भाऊ! मग मी मायची कोण, लेक की बहीण? असं मी एकदा विचारलं तेव्हा बाबा खो खो हसले. माय हसली नव्हती.

भाऊंच्या घरी राखीच्या दिवशी ओट्यावर सतरंजी घातलेली असायची. पोरी रांगेनं बसायच्या. भाऊ प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवायचे, खण द्यायचे, चार माणसांत मोठ्यानं विचारायचे, "कोनी काही बोललं का माह्या बहिनीले? मले सांगजो." त्यांची बायको आतून चहाचे कप आणून द्यायची. ती कुणाशी बोलायची नाही. कप हातात देताना मात्र प्रत्येक पोरीला एकच वाक्य पुटपुटायची, "पे अन् घरी जाय लवकर." मला ती फार खडूस वाटायची. एवढ्या दिलदार माणसाला अशी बायको कशी मिळाली, असं मी मायला विचारलंही होतं. मायनं मला ताटातली वात नीट करायला सांगितली.

आता मैत्रिणीबद्दल सांगते. ती आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. तिच्या बापाकडे थोडी कोरडवाहू जमीन होती. ती वर्गात पहिली यायची आणि मी तिच्या वहीतून उतरवून दुसरी यायचे, म्हणजे आमचं बरं चाललं होतं. हायस्कूल तीन मैलांवरच्या मोठ्या गावात. गावातून दोघीच पोरी जायचो, चालत. वाट भाऊंच्या मळ्यावरून होती.

आम्ही आठवीतून नववीत गेलो त्या पावसाळ्यात भाऊ वाटेवर जास्त दिसायला लागले. कधी पेरू द्यायला, कधी "चिखलातून कायले जाता, दमनीत बसा" म्हणायला. आम्ही बसायचो. मला मजा वाटायची. मी मागच्या बाजूला पाय सोडून बसायचे, तिला ते पुढे, आपल्याजवळ बसवायचे. एक दिवस तिनं ठरवून टाकलं की यापुढे दमणीत बसायचं नाही आणि मळ्यावरून न जाता नाल्याच्या अंगानं जायचं. मैलभर वाट वाढत होती. मी चिडले.

"काऊन पन?"

"मले त्याईच्या डोयाची भेव लागते."

"भाऊची?"

"हाव. तू पाय तं खरी एकडाव. ते तुह्याशी बोलत असले तरी माह्याकडं पाहत राह्यते."

मी पाहिलं. तिचं खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण घाबरावं असंही वाटलं नाही. भाऊ ना ते! तरी मी शहाणपणा केला. घरी येऊन मायला सांगितलं. माय तेव्हा भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून तिनं परातीतलं पीठ झाकलं, शेजारी गेली आणि मैत्रिणीच्या मायला हलक्या आवाजात म्हणाली, "पुनीव जवळ आली. बांधून टाक."

तिची माय म्हणाली, "मीबी तेच म्हनत होती."

बस, एवढंच. कोणी काही विचारलं नाही, कोणी दचकलं नाही. जसा काही अंगात ताप आहे म्हटल्यावर काढा सांगितला. आमच्या गावात बायांनी पिढ्यान्पिढ्या शोधून ठेवलेला तो उपाय होता: ज्याच्या नजरेचं भय वाटतं त्याला भाऊ करायचं. एकदा राखी बांधली की नजर मरते. वय बघायचं नाही, पन्नाशीचा असला तरी भाऊच. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि खरं सांगते, मला ते फार हुशारीचं वाटलं. ना भांडण ना तंटा, सापही मेला आणि काठीही शाबूत!

मैत्रीण तयार होईना. "मी नाही बांधत. मले ते भाऊ वाटत नाही तं बांधू कायले?" तिच्या मायनं समजावलं, बापाला तर काही माहीतच नव्हतं, तो आपला खुश होता की भाऊंच्या ओट्यावर आता आपलीही पोर बसणार. शेवटी तिला तयार केलं ते मी. "बांधून टाक ना बे! मंग ते काहीच करू शकत नाही. बहीन झाली तू." उंद्रीच्या बाजारात तिच्यासाठी राखी मी निवडली, हिरव्या स्पंजाची, मधे आरशाची टिकली. पौर्णिमेला ओट्यावर तिनं राखी भाऊंच्या मनगटावर नुसती ठेवली आणि हात मागे घेतला. गाठ मी मारली. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले, "आजपासून हे माही धाकटी बहीन." बाया पदर सावरत हसल्या. मायच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसलं. भाऊंच्या बायकोनं मैत्रिणीला चहाचा कप दिला आणि ती नेहमीचं वाक्य म्हणाली, फक्त त्या दिवशी दोनदा म्हणाली.

पुढे जे झालं ते आजही आठवलं की मला आमच्या मूर्खपणाचा धक्का बसतो. चोराच्या हाती किल्ल्या देतात म्हणतात, आम्ही तर किल्ल्या ओवाळून दिल्या होत्या. तोवर भाऊ मळ्यावर भेटायचे, आता घरी यायला लागले. भाऊ बहिणीच्या घरी येणारच! "चाल, तुह्या वहिनीले निवडटिपन कराले बोलावलं." ती नाही म्हणाली तर तिची माय रागवायची. दमणीत बसायचं नाही म्हणाली तर बाप म्हणायचा, "भाऊ हाय ना तुहा? मंग?" आधी निदान एक परका माणूस पोरीला गाडीत का बसवतो, असं कुणी विचारू शकत होतं. आता विचारणाऱ्यालाच पाप लागणार होतं.

दिवाळी झाली. एक दिवस ती शाळेतून येताना नाल्याच्या काठी बसली आणि उठेचना. मी दप्तर ओढलं तर म्हणाली, "काल दमनीत त्यानं माहा हात धरला. सोडूनच नाही राह्यला. मी ओढला तं म्हने, बहिनीचा हात धराले कोनाची परवानगी लागते काय?"

"मायले सांगतलं?"

"सांगतलं. माय म्हने, भावाच्या नावानं असं बोलशीन तं जीभ झडन तुही."

ती रडत नव्हती. ती रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती मला म्हणाली, "गाठ तू मारली होती." आणि मग आम्ही दोघी उठून घरी आलो.

त्यानंतर आठवड्यानं ती बातमी आली. भाऊ तिच्या बापाला म्हणाले होते की पोरगी हुशार आहे, तिला सरकारी स्कॉलरशिप मिळते, पण बुलढाण्याला साहेबापुढे पोरीला स्वतः जाऊन सही करावी लागते. काम दोन दिवसांचं. राहायची काळजी नको, आपली खोली आहेच. बाप तर हात जोडून उभा राहिला. शनिवारी दुपारच्या एसटीनं निघायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी तिनं मला कुडाजवळ बोलावून एवढंच विचारलं, "तू येशीन संगं?" मी घरी विचारलं. बाबा म्हणाले, "तुह्या नावाचा कागद हाय का? मंग तुहं काय काम?"

शनिवारी सकाळची शाळा होती. मी एकटीच गेले. वाटभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. स्कॉलरशिपचे कागद तर मागच्या वर्षीही दोन मुलांचे झाले होते, ते कुठे गेले होते बुलढाण्याला? मोठ्या सरांना विचारायची छाती नव्हती, तरी विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "छे, छे! पोरीला कशाला जावं लागतं? बापाचा अंगठा लागतो, तो इथंच शाळेत लागतो. कोण म्हणालं तुला?"

मी भाऊंचं नाव सांगितलं.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "तू घरी जा बाळ. पळत जा." स्वतः मात्र खुर्चीवरून उठले नाहीत. पण त्यांना ठाऊक होतं, हे त्या 'पळत'मध्ये मला ऐकू आलं. तीन मैलांवरच्या गावातल्या मास्तरांनासुद्धा ठाऊक होतं!

मी मळ्याच्या वाटेनंच पळाले, तीच जवळ होती. घरी पोचले तेव्हा माय अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. मला धाप लागलेली, शब्द मागेपुढे होत होते. कागदाला बापाचा अंगठा लागतो, पोरगी लागतच नाही, त्यानं तिचा हात धरला होता, ती तिच्या मायला बोलली होती. सगळं एकदम. आणि शेवटी मी ओरडले, "तूच बांधाले लावली होती! तूच!"

मायच्या मांडीवरचं सूप खाली पडलं. दाणे अंगणभर झाले. ती उठली ती तशीच निघाली, पायात काही नाही, पदर डोक्यावर नाही. माझी माय गल्लीतून कधी डोक्यावरच्या पदराशिवाय गेली नव्हती.

फाट्यावर निंबाखाली एसटी उभी होती. मैत्रिणीचा बाप पिशवी घेऊन दाराशी, ती पायरीवर, भाऊ मागून तिला चढवत होते. निंबाच्या सावलीत चिखलीला जाणारी चार-दोन माणसं आणि दोन बाया. मायनं सरळ जाऊन तिचा दंड धरला. "उतर खाली."

भाऊ हसले. "काय झालं ताई? सरकारी काम हाय. उशीर होऊन राह्यला."

"सरकारी कागदाले बापाचा अंगठा लागते. तो शायेतच लागते. पोरगी कायले पायजे तुमाले?"

"बहीन हाय ते माही," भाऊ अजून हसतच होते. "तुमीच तं तिले राखी बांधाले लावली."

मायचा आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही. मोठा नव्हता. भाकर जळली म्हणून ती मला बोलायची, तेवढाच. "हाव, म्याच लावली. अन् मीबी बांधली होती, भाऊ. तेरा वर्साची होती तवा, याच भेवानं. माह्या मायनं सांगतलं, बांधून टाक, नजर मरते. वीस वर्सं झाली. कोनाची नजर मेली, सांगा बरं?"

मी तिच्या मागे उभी होते. माय राखी बांधते हे मला माहीत होतं, का बांधते हे माहीत नव्हतं. तेरा वर्षांची असतानाच तिचं लग्न उरकलं होतं, वरच्या आळीतून खालच्या आळीत, एवढ्या घाईनं की लग्नाला तिचे मामासुद्धा पोचले नव्हते. हे आमच्या घरात गंमत म्हणून सांगितलं जायचं. मी ती गंमत ऐकून दरवेळी हसायचे. बहीण झाल्यावर तिच्याबरोबर काय झालं होतं, हे मी तिला कधी विचारू शकले नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

"बाई, बसनार का उतरनार? मले टाइम होते," कंडक्टर म्हणाला.

मैत्रिणीचा बाप मायकडे बघत होता, मग भाऊंकडे. गरीब माणूस. त्यानं पिशवी खांद्यावर घेतली, लेकीचा हात धरून तिला खाली घेतलं आणि मान खाली घालून म्हणाला, "आज राहू द्या, भाऊ."

भाऊ एसटीत चढले. खिडकीशी बसून त्यांनी निंबाखालच्या माणसांना नमस्कारही केला. एसटी गेली. धुळीत उभ्या असलेल्या दोन बायांपैकी एक तोंडाला पदर लावून म्हणाली, "मीबी." फक्त तेवढंच. दुसरीनं कडेवरची पोरगी या कडेवरून त्या कडेवर घेतली, चिखलीला जायचं सोडून दिलं आणि घराकडे निघाली.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो हात आला. मनगटापासून कोपरापर्यंत. दर वर्षी मी त्या राख्या बघून म्हणायचे, केवढ्या बहिणी! प्रत्येक राखीमागे एक घाबरलेली माय होती. ती भावाची माया नव्हती, गावाच्या भीतीची यादी होती, आणि तो माणूस ती यादी हातावर बांधून, छाती काढून, गावभर मिरवत होता. आम्ही त्याला ओवाळत होतो. मी चौदा वर्षांची होते. मी निंबाच्या बुंध्याशी खाली बसले.

पुढे न्यायनिवाडा झाला, गावानं त्यांना जाब विचारला, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही घडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडणारी माझी माय गावाला येडी वाटायला लागली. बाबा तिच्याशी तीन आठवडे बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "चारचौघांत बोलाची काय गरज होती?" माय म्हणाली, "कोपऱ्यात बोलून पाह्यलं होतं. माह्या मायनं, तिच्या मायनं." बाबा बैलांना पाणी पाजायला गेले.

मैत्रिणीच्या घरी दुसराच घाट सुरू झाला. जळगाव जामोदकडचं एक स्थळ आणलं. पोर नजरेसमोरून एकदा गेली की संपलं, असं तिच्या बापाचं म्हणणं. तेव्हा माय पुन्हा शेजारी गेली, या वेळी दिवसाउजेडी, मोठ्या आवाजात. "लगन करून टाकसान तं तेबी राखीच झाली! माहंबी तसंच उरकलं होतं. पोरीले शिकू द्या. शायेत मी नेईन, मी आनीन." आणि तिनं नेलं. दोन वर्षं, रोज तीन मैल जाणं, तीन मैल येणं. आम्हाला फाटकात सोडून ती शाळेमागच्या शेतांत निंदायला, वेचायला जायची, शाळा सुटली की डोक्यावर गवताचा भारा घेऊन फाटकाशी उभी. मधल्या काळात मैत्रिणीची मायही पाळी घ्यायला लागली. मळ्यावरून जाताना माय विळा हातात धरायची. भाऊ दिसले तर ती थांबायची, आम्हाला पुढे जाऊ द्यायची आणि मग मागून यायची. मैत्रीण पुढे नर्स झाली. गंमत बघा, नोकरी लागली ती जळगाव जामोदलाच, पण स्वतःच्या पगारावर. मी मास्तरीण झाले. वर्गातल्या पोरींना मी चाळीस वर्षं एकच गोष्ट पाठ्यपुस्तकाबाहेरची शिकवली, की ज्याची भीती वाटते त्याला नातं देऊ नका, त्याचं नाव सांगा. त्यावरून मुख्याध्यापकांचे दोन मेमो घेतले.

भाऊ पुष्कळ जगले. गेले तेव्हा गाव रडलं म्हणतात. मी गेले नव्हते.

पण मला सांगायचं आहे ते त्या पुढच्या राखीपौर्णिमेचं. फाट्यावरच्या त्या शनिवारानंतरची पहिली. आमच्या घरून ताट निघालं नाही. मी आणि माय उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होतो. मला मनातून खात्री होती की या वर्षी तो हात उघडा राहणार. सगळ्यांनी ऐकलं होतं ना! सकाळपासून बाया दारावरून जायला लागल्या. नवं लुगडं, हातात ताट, पुढे लहान पोरी, केसांना तेल लावलेल्या, नव्या परकरातल्या. आमच्या दाराशी आल्या की बाया मान दुसरीकडे वळवायच्या आणि पोरींना पाठीवर हात ठेवून पुढे ढकलायच्या. संध्याकाळी भाऊ चक्कर मारायला निघाले. आमच्या दारासमोर ते मुद्दाम हळू चालले. हात पुढे धरलेला. कोपराच्या खाली चार बोटं जागा मोकळी होती. माझी, मायची, मैत्रिणीची आणि निंबाखाली 'मीबी' म्हणणाऱ्या बाईची, एवढ्याच राख्या कमी होत्या. बाकी सगळ्या जागच्या जागी.

मी त्या मोकळ्या चार बोटांकडे बघत राहिले. आणि मग, इतक्या महिन्यांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला. मायची राखी भीतीची. मैत्रिणीची भीतीची. मग माझी?

"माय, माही राखी काऊन बांधली होती?"

ती तांदळातले खडे वेचत राहिली.

"माय, मी नऊ वर्साची होती."

"तू पेरू घेऊन आली होती," माय म्हणाली. "मलेबी त्यानं आगुदर पेरूच देल्ला होता. तुह्या हातात तो पाह्यला म्या. मले दुसरं काही माहीतच नव्हतं, बाई. जे माहीत होतं ते केलं."

पाच वर्षं मी त्या हातावरची माझी राखी गर्दीतून ओळखून बोटानं दाखवत आले होते. आणि मला तो अर्धा पेरू आठवला, आतून गुलाबी, मी मायसाठी पळत आणलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला उकिरड्यावर पडलेला दिसला होता, आणि मी मायवर दिवसभर रुसून बसले होते.